एंटरचं काय करायचं

तवंदीचा घाट ओलांडून निपाणीत उतरलो
तेव्हा पाठीवर लॅपटॉप, पिशवीत डबा,
आणि डोक्यात फोनवर ऐकलेलं एकच वाक्य:
"तुमचं यंत्र माझं ऐकंनाच की वो."

आक्काताई बेनाडीकर. तंबाखूच्या वखारीत
सत्तावीस वर्षं बोदांची वजनं वहीत उतरवली,
बोट जिभेला लावून पानं उलटली.
आता वही नाही. चौकोन. चौकोनात आकडा. मग एंटर.
एंटर म्हणजे त्यांच्या लेखी "हं, पुढं."
माझ्या लेखी "झालं, ठेव जपून."
म्हणून आठवड्यात एकशे बारा नोंदी साठल्या,
नाव आहे तर वजन नाही,
वजन आहे तर माल कुणाचा, पत्ता नाही.

स्टुलाशेजारी उकिडवा बसून टॅब दाखवली.
त्यांनी आधी कळ बघितली, मग मला.
"करंगळी तिकडं वळत न्हाई."
दहा वर्षं विड्या वळल्यावर
ती एकाच बाजूला वळायची राहिलेली.

तेव्हा मीच वाकलो.
कळ खाली जाते आणि अक्षर उमटतं
त्या दोहोंमध्ये एक बोळ असतो,
एकाच माणसापुरता.
तिथं उभं राहून येणाऱ्याला विचारायचं, कोण तू?
एंटर असशील तर वर्दी देऊ नकोस कुणाला,
गुपचूप शेजारच्या चौकोनात जा.
तीन ओळींचं काम. वर चहा.

मग हुरूप आला.
वजनाच्या चौकोनात फक्त आकडे सोडले
आणि एक टिंब, तेही एकदाच.
बाकीच्या कळा गिळून टाकायच्या.
आक्काताईंनी सातच्या जागी आठ दाबला,
खोडायला गेल्या, खोडेना.
बॅकस्पेससुद्धा मी गिळली होती.
"चुकायचंच न्हाई व्हय माणसानं?"

ती सोडली. तर सातची कळ अडकायला लागली.
वखारीत सगळेच शिंकतात, कीबोर्डाच्या पोटातही भुकटी,
एका साताचे चार सात, किलोचे क्विंटल.
सांगितलं बोळातल्या पहारेकऱ्याला:
बोट उचलल्याशिवाय दुसऱ्यांदा नाही.

दुपारी गळतग्याहून कल्लव्वा मगदूम आल्या.
कार्डावर नाव कानडीत.
आक्काताईंनी भाषा बदलली, कार्ड टेकवून ठेवलं,
एकेक अक्षर हुडकत, ओठ हलवत दाबत गेल्या.
चौकोन पांढराच.
चूक म्हणून तांबडी ओळ नाही, टुक् असा आवाज नाही.
पुन्हा दाबलं. पांढराच.
कल्लव्वांनी कानडीत काही विचारलं,
आक्काताईंनी कानडीतच काही सांगितलं
आणि मग माझ्याकडं वळून,
"काय करूलालास रे? नाव घेईना हिचं."

मला ठाऊक होतं.
महिन्यापूर्वी, रात्री दीड वाजता,
टिळकवाडीतल्या खोलीत, पंख्याखाली,
मीच लिहिलं होतं: नावात अक्षरंच येऊ देत,
आणि अक्षरं म्हणजे अ पासून ज्ञ पर्यंत.
कुणी सांगितलं नव्हतं. हात तसाच चालला.
डांबर फासलेल्या पाट्यांखालून शाळेत गेलो मी,
दोन्ही भाषांतल्या, आलटून पालटून.
डांबर निदान दिसतं तरी.

ती ओळ काढली. काही बोललो नाही.
कल्लव्वांचं नाव एकेक गोल घेत उमटलं,
त्या वाकून बघत राहिल्या, बोटानं काचेवर मोजत,
मान हलवली, पदर सावरला.
आक्काताईंनी एंटर मारला. सवयीनं दोनदा.
गावाचा चौकोन ओलांडून पट्टी थेट वजनावर.

"गाव ऱ्हायलं," त्या म्हणाल्या.
साडेचारची एसटी तेवढ्यात गेली.
मी पुन्हा उकिडवा बसलो.